दोन हात, एक बोल

तबला शिकायला लागून मला आता चार वर्षे होत आली आहेत आणि या चार वर्षांत माझ्या हातून सर्वांत जास्त वेळा झालेली चूक एकच आहे: जिथे डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतले डाव्या हाताचे वाद्य, गप्प असायला हवा तिथे तो वाजतो. तीनतालाचा ठेका ऐकायला आणि म्हणायला सोपा आहे. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. मात्रा १६, विभाग ४, पहिल्या मात्रेवर सम, म्हणजे सोळा मात्रांच्या फेरीची (आवर्तनाची) सुरुवात, आणि नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा. नवव्या मात्रेचा धा होऊन गेला की दहाव्यापासून तेराव्या मात्रेपर्यंत डाव्या हाताने घुमारा द्यायचा नसतो. उजवा हात मात्र आधी करत होता तेच करत राहतो, कारण धिं आणि तिं यांत उजव्या हाताच्या दृष्टीने काहीच फरक नाही. डाव्या हाताने साथ द्यायची की नाही, एवढाच काय तो फरक. म्हणजे त्या चार मात्रांत काम वाढलेले नसते, उलट एका हाताचे काम कमी झालेले असते, आणि तरीही माझे नेमके तिथेच चुकते.

मी पेशाने लेखापाल आहे. मार्चअखेरच्या दिवसांत क्लासला गेलो की सरांना ते पहिल्या पाच मिनिटांत कळते. सर माझ्याहून वीसएक वर्षांनी लहान आहेत, मला काका म्हणतात आणि चूक दाखवतानाही त्यांचा स्वर कधी चढत नाही. "काका, आज ऑफिस डोक्यातच राहिलंय का? खालीची भरी होतेय," एवढेच ते म्हणतात. भरी म्हणजे डग्ग्याच्या घुमाऱ्यासह वाजणारा भाग. ताळेबंदाची काळजी आणि डाव्या हाताचा न थांबणारा तळवा यांचा एकमेकांशी काय संबंध असावा, हा प्रश्न मला या वाक्याने लावून दिला, आणि गेले वर्षभर जमेल तसे मी त्याविषयी वाचत आलो आहे.

वाचनाच्या आधी घरी घडलेली एक गोष्ट सांगतो. एका रविवारी दुपारी माझ्या मुलीने माझी परीक्षा घेतली. मी मध्य लयीत ठेका धरायचा आणि त्याच वेळी शंभरातून सात-सात वजा करत उत्तरे मोठ्याने सांगत जायचे, अशी तिची अट होती. आयुष्य आकड्यांत गेलेल्या माणसाला ही वजाबाकी जड नाही, असे मी तिला जरा तोऱ्यातच सांगितले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर येईपर्यंत पहिले आवर्तन तगले. दुसऱ्या आवर्तनात खाली चुकली. तिं तिं ता ता यांच्या जागी धिं धिं धा धा असे भरघोस वाजले आणि मला ते चार मात्रा उलटून गेल्यावर कळले. उजव्या हाताचे फारसे काही बिघडले नव्हते; लय थोडी रेंगाळली, पण बोटे जागच्या जागी पडत होती. त्यानंतर तिने मला बेचा पाढा म्हणायला लावला. बे एके बे, बे दुणे चार यांनी ठेक्याला जराही धक्का लावला नाही. उलट दोन-तीन मात्रांतच पाढा ठेक्याच्या लयीत जाऊन बसला आणि ठेक्यावर गाणे म्हणावे तसा मी तो म्हणू लागलो. एकोणिसाच्या पाढ्यात मात्र 'एकोणीस सत्ते' म्हणून मी क्षणभर थबकलो, एकशे तेहेतीस आठवेपर्यंत डग्गा नको तिथे घुमून मोकळा झाला. शेवटी रेडिओवरच्या बातम्या लावून वाजवून पाहिले. ऐकण्याने काहीच बिघडले नाही. मुलीने मध्येच "बाबा, आत्ता कुठल्या गावाचं नाव घेतलं?" असे विचारले आणि उत्तर शोधताना ठेका पुन्हा विस्कटला.

एकाच माणसावर एकाच दुपारी केलेल्या या खेळाला प्रयोग म्हणणे धाडसाचे ठरेल, हे मला ठाऊक आहे. तरीही त्यातून एक गोष्ट माझ्यापुरती स्वच्छ झाली. तोंड चालू असणे किंवा कानावर काही पडत असणे हातांना बाधत नव्हते. अनेक शक्यतांमधून एक निवडायची वेळ आली की हातांचे भांडवल कुठेतरी वळवले जात होते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अॅलन वेलफर्ड यांनी १९५२ मध्ये जवळपास हेच मांडले होते: दोन संकेत थोड्या अंतराने आले आणि दोन्हींना प्रतिसाद द्यायचा असला, तर दुसरा प्रतिसाद रेंगाळतो, कारण निर्णयाची वाट अरुंद आहे आणि तीतून एका वेळी एकच निवड पुढे सरकते. माझी वजाबाकी त्या वाटेत उभी होती. पण मग त्या वाटेवर अडकायला ठेक्यात असे होते तरी काय? चार वर्षे वाजवलेल्या ठेक्यात निवड कसली उरते? आणि चूक नेहमी डाव्याच हाताची का, आणि तीही न वाजवण्याऐवजी वाजवण्याची का?

याचे उत्तर मला तबल्यापासून फार दूर, दोन तर्जनींच्या एका प्रयोगात सापडले. तो कोणालाही टेबलाशी बसून करता येतो. दोन्ही मुठी टेबलावर ठेवून तर्जनी पुढे काढाव्यात आणि त्या गाडीच्या काचेवरच्या वायपरसारख्या हलवाव्यात, म्हणजे दोन्ही एकदम डावीकडे, मग दोन्ही एकदम उजवीकडे. हळूहळू वेग वाढवत न्यावा. एका टप्प्यावर बोटे आपल्याला न विचारता चाल बदलतात आणि आरशातल्या प्रतिबिंबासारखी हलू लागतात: दोन्ही एकदम आत, दोन्ही एकदम बाहेर. उलट दिशेने हा बदल होत नाही. आरशासारख्या हालचालीने सुरुवात केली तर वेग कितीही वाढवला तरी ती तशीच राहते. हालचालींचे अभ्यासक स्कॉट केल्सो यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात हे मोजून दाखवले, आणि १९८५ मध्ये हेर्मान हाकेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने केल्सो आणि बुन्झ यांच्यासह त्याचे गणिती प्रारूप मांडले, जे आजही या क्षेत्रात तिघांच्या आद्याक्षरांनी ओळखले जाते. हातांना एकमेकांची नक्कल करण्याची ओढ असते. वेगळे वागायचे असेल तर ती ओढ कोणीतरी सतत थोपवून धरावी लागते.

हे थोपवणे फुकट होत नाही. फ्रान्समध्ये मार्सेय येथे जाँ-जाक टेम्प्राडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसांना दोन्ही हातांनी लयबद्ध हालचाली करत असताना मध्येच येणाऱ्या संकेताला शक्य तितक्या लवकर प्रतिसाद द्यायला सांगितले होते. हात आरशासारखे हलत असताना प्रतिसाद लवकर येत असे आणि हात उलटसुलट हलत असताना उशिरा, म्हणजे दुसऱ्या प्रकारात मनाचे अधिक भांडवल हातांकडेच गुंतलेले होते. याहून मोलाची गोष्ट पुढची आहे. त्याच लोकांना 'हातांना प्राधान्य द्या' असे सांगितल्यावर त्यांच्या हालचाली अधिक स्थिर झाल्या, पण प्रतिसाद आणखी मंदावले. वेग वाढल्यावर होणारा तो आपोआपचा बदलदेखील ठरवून विरोध केला तर काही काळ लांबवता येतो, असे इतर प्रयोगांत दिसले आहे. त्यामुळे मानसिक श्रम हातांना बिघडवतो असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. श्रम हातांवर खर्च केला तर हात सुधारतात, दुसरीकडे खर्च केला तर हात आपल्या मूळ ओढीकडे घसरतात. लेखापालाला हे समजायला वेळ लागू नये: शिल्लक एकच आहे आणि खाती दोन.

आता माझ्या खालीकडे पाहिले तर चित्र जुळते. उजवा हात वाजवत आहे आणि डाव्याने थांबायचे आहे, ही अवस्था हातांच्या स्वभावाविरुद्ध आहे. पहिल्या नऊ मात्रा दोन्ही हात जोडीने पडत असल्यामुळे त्यांची सवय लागलेली असते, आणि दहाव्या मात्रेवर डाव्याला मागे खेचणे हे वाजवण्यापेक्षा जड काम असते. मन वजाबाकीत गुंतले की खेचणारा कोणी उरत नाही. डावा हात उजव्याच्या मागे जातो आणि तिंचा धिं होतो. चूक नेहमी भरीच्या बाजूने का होते आणि धिंचा चुकून तिं का होत नाही, याचा हा मला पटलेला खुलासा आहे. तो माझा तर्क आहे, कोणी तबलजींवर मोजून सिद्ध केलेली गोष्ट म्हणून मी तो सांगत नाही.

मेंदूत ही ओढ कुठून येते, याविषयी दोन अभ्यास मला विसरता येत नाहीत. पहिला माकडांवरचा आहे. पारदर्शक फळीला पडलेल्या भोकात खाऊ अडकवलेला असे. माकडाने एका बोटाने तो वरून ढकलायचा आणि दुसऱ्या हाताने खालून झेलायचा. कोबी ब्रिंकमन यांनी १९८४ मध्ये दाखवले की मेंदूच्या पुढच्या भागात, मधल्या फटीच्या बाजूला असलेले हालचालींच्या नियोजनाचे एक क्षेत्र एका बाजूला निकामी केले, तर माकडाचे दोन्ही हात एकच काम करू लागतात: एक बोट वरून ढकलते आणि दुसरेही बोट खालून ढकलते. खाऊ जागचा हलत नाही. दोन्ही अर्धगोलांना जोडणारा मज्जातंतूंचा जाड पट्टा नंतर कापल्यावर मात्र हात पुन्हा वेगवेगळे वागू लागले. दुसरा अभ्यास माणसांवरचा, १९९६ मधला. अपस्माराच्या उपचारासाठी ज्यांचा हाच पट्टा कापावा लागला होता, अशा रुग्णांना एलिझाबेथ फ्रान्झ आणि सहकाऱ्यांनी दोन्ही हातांनी एकाच वेळी वेगवेगळ्या आकृती काढायला सांगितल्या. आपल्यासारख्यांच्या आकृती अशा वेळी एकमेकींसारख्या वेड्यावाकड्या होऊ लागतात. त्या रुग्णांच्या झाल्या नाहीत. आकारांपुरते त्यांचे दोन हात दोन माणसांचे असावेत इतके स्वतंत्र होते, परंतु वेळेचे बंधन मात्र त्यांच्यातही टिकून होते आणि हात बरोबरच सुरू होऊन बरोबरच थांबत होते. म्हणजे हातांमधले आकाराचे नाते त्या पट्ट्यातून जाते आणि लयीचे नाते कुठेतरी अधिक खोलवर रुजलेले असते.

इथपर्यंतचे वाचून मी जरा खट्टू झालो होतो, कारण मेंदूची रचनाच अशी असेल तर पन्नाशीला टेकलेल्या माणसाने रियाझ करून काय साधायचे? मला धीर आला तो २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांमुळे. त्यांतला एक योर्न डीड्रिकसेन आणि सहकाऱ्यांचा. एका हाताने जवळच्या आणि दुसऱ्या हाताने लांबच्या ठिकाणी एकदम पोहोचायचे, एवढेच काम होते. कोणत्या हाताने जवळ आणि कोणत्या हाताने लांब जायचे हे अक्षरांच्या खुणेने सांगितले, तर माणसे सुरुवात करायलाच वेळ लावत. पण जायची ठिकाणे थेट दाखवली, तर तो उशीर नाहीसा होई. स्नायू तेच, अंतर तेच, दोन्ही हातांमधली विषमताही तीच. बदलला होता तो केवळ मनातला अनुवाद: 'या अक्षराचा अर्थ लांब आणि तो डाव्या हाताला लागू' हे ठरवण्याचा खर्च. दोन हातांच्या कामाची पुष्कळशी किंमत हातांत नसून त्यांना दिलेल्या आज्ञांच्या मांडणीत असते, हे समजल्यावर मला माझ्याच क्लासातली एक गोष्ट वेगळी दिसू लागली.

सर नव्या विद्यार्थ्याला कधीही 'उजव्या हाताने हे कर आणि डाव्या हाताने ते कर' असे पहिल्या महिन्यानंतर सांगत नाहीत. ते बोल सांगतात. धा हा एक बोल आहे. तो निघतो दोन हातांनी, किनारीवर ना आणि डग्ग्यावर गे एकदम पडल्यावर. पण म्हणताना, लिहिताना आणि आठवताना तो एकच आहे. तिरकिट यात चार अक्षरे आहेत, त्यांतला कि तेवढा डाव्या हाताचा आणि बाकीची तीन उजव्याची, पण शिकणारा ती चार अक्षरे एका दमात गिळतो आणि हातांची वाटणी त्याला सांगावी लागत नाही. तबल्यात कायदा म्हणजे ठरलेल्या बोलांची, पुढे विस्तारत न्यायची रचना. दिल्लीच्या प्रसिद्ध कायद्याची पहिली ओळ आहे धाधा तिट धाधा तूंना आणि तिचे उत्तर ताता तिट धाधा धिंना. पहिल्या ओळीच्या सुरुवातीला धा आहे तिथे दुसरीत ता आला, म्हणजे डग्गा काढून घेतला. हातांच्या भाषेत हा 'उजवा चालू ठेव, डावा थांबव' असा दुहेरी हुकूम आहे. बोलांच्या भाषेत एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर आले, इतकेच. ज्या कोणी शतकांपूर्वी ही अक्षरे योजली त्यांनी डीड्रिकसेन यांच्या अक्षरांनी केला तसला अनुवादाचा खर्च टाळला, कारण बोलाचा उच्चारच त्याच्या आवाजासारखा आहे. धा म्हटले की घुमारा ऐकू येतो, ता म्हटले की तो गेलेला ऐकू येतो. खूण आणि काम यांच्यात मध्ये कोणी दुभाषी लागत नाही.

दोन प्रवाह एका धाग्यात गुंफले की मनाचा भार हलका होतो, याचा पडताळा दोनाविरुद्ध तीन या जुन्या कोड्यातही मिळतो. एका हाताने जेवढ्या वेळात दोन ठोके द्यायचे, तेवढ्याच वेळात दुसऱ्याने तीन. दोन्ही हातांकडे स्वतंत्रपणे लक्ष ठेवून हे करू पाहणारा माणूस हमखास फसतो. आता असे करून पाहावे: सहा समान ठोके मनात धरावेत, उजवा हात पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या ठोक्यावर पडेल आणि डावा पहिल्या आणि चौथ्या. बोलांत लिहिले तर ते धा ऽ ना के ना ऽ असे होते. हे दहा वेळा म्हणावे आणि मग मांडीवर वाजवावे. माझ्या मुलीने तबल्याला कधी हात लावलेला नाही. तिला पहिल्या रीतीने पंधरा मिनिटांत जमले नव्हते आणि दुसऱ्या रीतीने चहा उकळेपर्यंत जमले. रिचर्ड जगासिन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अशाच ठोक्यांतल्या वेळेच्या बारीक चुका तपासल्या होत्या आणि त्या चुकांचा नमुना दोन समांतर प्रवाहांपेक्षा एकाच गुंफलेल्या रचनेशी जुळतो, असा निष्कर्ष काढला होता.

तबल्यातली आड लय, म्हणजे दीडपट, ही याच नात्याची आहे, फक्त तिथे दोनाचा प्रवाह एका हातात आणि तिनाचा दुसऱ्या हातात असा वाटलेला नसतो. दोन्ही हात मिळून दीडपट वाजवतात आणि मूळ लय लेहऱ्यात, म्हणजे साथीला पुन्हापुन्हा वाजणाऱ्या सुरावटीत, किंवा मनात चालू राहते. पढंत करताना, म्हणजे बोल तोंडाने म्हणताना, मात्र वाटणी उघड होते, कारण हातावर टाळी आणि खाली मूळ लयीत द्यायची असते आणि तोंडाने बोल दुप्पट, तिप्पट किंवा दीडपट म्हणायचे असतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत हे करून दाखवावे लागते, आणि माझ्यासोबत परीक्षेला बसलेल्या आठवी-नववीच्या मुलांना त्याची जेवढी भीती वाटत होती त्याहून मला अधिक वाटत होती. आमच्या आधीच्या पिढ्यांना शाळेत पावकी, निमकी, सवायकी, दीडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असत. दीडपट, सव्वापट आणि पावणेदोनपट लय त्यांच्या कानाला आमच्याइतकी परकी वाटत नसावी, असे मला कधी कधी वाटते, पण तो वेगळा विषय आहे.

२००१ मधला दुसरा अभ्यास म्युनिकचा. फ्रान्झ मेक्सनर आणि सहकाऱ्यांनी आधी तर्जनींचाच प्रयोग घेतला, पण एक तळवा पालथा आणि एक उताणा ठेवून. आरशासारख्या हालचालीची ओढ स्नायूंमुळे असती, तर आता तेच स्नायू एकदम आकसले असते आणि बोटे वायपरसारखी हलली असती. तसे झाले नाही; ओढ दिसणाऱ्या सममितीकडेच राहिली. मग त्यांनी लोकांना टेबलाखालच्या दोन कड्या फिरवायला दिल्या. टेबलावर दोन झेंडे गोल फिरताना दिसत आणि एका बाजूच्या दातेरी चाकांची जुळणी अशी केली होती की झेंडे बरोबरीने फिरण्यासाठी हात मात्र चारास तीन या प्रमाणात फिरावे लागत. चारास तीन हे प्रमाण नुसत्या हातांनी साधणे सामान्य माणसाला जवळपास अशक्य आहे. झेंड्यांकडे पाहत लोकांनी ते साधले. हातांचे काय चालले आहे याचा त्यांनी विचार करण्याचे कारणच नव्हते, कारण त्यांच्या मनापुढे एकच साधी गोष्ट होती.

हे वाचले त्या संध्याकाळी मला सरांचे एक जुने वाक्य आठवले. पहिल्या वर्षी मी सतत डाव्या हाताकडे पाहत वाजवत असे आणि ते म्हणत, "काका, हाताकडे बघू नका, नाद ऐका." मला तेव्हा ते गायन-वादनाच्या क्लासांत उठता-बसता दिले जाणारे गूढ उपदेशाचे वाक्य वाटले होते आणि मी ते मनावर घेतले नव्हते. आता वाटते की ते अगदी व्यवहाराचे होते. गॅब्रिएल वुल्फ यांच्या १९९८ च्या अभ्यासात स्कीइंगच्या यंत्रावर शिकणाऱ्या लोकांपैकी काहींना पायांनी लावायच्या जोराकडे लक्ष द्यायला सांगितले होते आणि काहींना यंत्राच्या चाकांकडे. अंतर काही इंचांचे, पण चाकांकडे लक्ष देणारे अधिक चांगले शिकले. मीही अलीकडे खालीच्या चार मात्रांत डाव्या हाताला रोखण्याचा प्रयत्न सोडून दिला आहे. त्याऐवजी नववा धा संपताना ठेक्याचा आवाज पोकळ होताना ऐकायचा आणि चौदाव्या मात्रेवर तो पुन्हा भरताना ऐकायचा. आवाजाला पोकळ व्हायचे आहे हे कानाने ठरवले की हाताला थांबवण्याची वेगळी आज्ञा द्यावी लागत नाही. वजाबाकी करत वाजवले तर अजूनही चुकते, पण आता दुसऱ्या आवर्तनाऐवजी सहाव्या-सातव्या आवर्तनात.

एका बाबतीत मात्र सावध केले पाहिजे. नवा कायदा शिकताना जुना बिघडतो, ही तक्रार आमच्या क्लासात प्रत्येकाची असते आणि बहुतेकजण तिचा दोष विसरभोळेपणाला देतात. पिएर-जियोर्जियो झानोने आणि केल्सो यांनी १९९२ मध्ये लोकांना दोन्ही हातांची एक अवघड, आरशासारखी आणि वायपरसारखी यांच्या मधलीच चाल लागोपाठ पाच दिवस शिकवली. ती स्थिरावली, परंतु तिच्या आसपासच्या इतर चालीही तिच्याकडे ओढल्या जाऊ लागल्या. रिकाम्या कपाटात नवी वस्तू ठेवावी तसे शिकणे झाले नाही, कपाटाचे खणच सरकले. त्यामुळे नवा कायदा बसत असताना दोन-तीन आठवडे जुन्याकडे अधिक मन द्यावे लागले तर त्यात आपले काही चुकते आहे असे मानू नये. माझी एक सहाध्यायी याच काळात तबला सोडून गेली, याची मला अजून हळहळ वाटते.

माझी आजी जात्यावर दळताना ओव्या म्हणत असे, असे आई सांगते. एका हाताने खुंटा फिरवायचा, दुसऱ्या हाताने मधूनमधून मूठभर दाणे जात्यात घालायचे आणि वर गाणे म्हणायचे, म्हणजे कागदावर मांडले तर तीन कामे. मी लहानपणी ते ऐकून आजीला एकाच वेळी तीन गोष्टी जमत असे समजत होतो. आता वाटते की ओवी हे तिसरे काम नसून उरलेल्या दोघांना बांधणारी दोरी होती, माझ्या बेच्या पाढ्यासारखी. आजीला कोणी त्याच वेळी उधारीचा हिशेब विचारला असता तर दाणे जात्याबाहेर सांडले असते की नाही, हे विचारायला ती आज नाही.

सध्या मी अडलो आहे तो वेगळ्याच ठिकाणी. डग्ग्यावर गे वाजवताना मनगट शाईच्या, म्हणजे चामड्यावरच्या काळ्या गोलाच्या, कडेने पुढे दाबत नेले की आवाज वर चढतो, आणि ठेक्याला जिवंतपणा येतो तो या मिंडीमुळे, म्हणजे आवाजाच्या या घसरण्यामुळेच. उजव्या हाताची बोटे ठरलेल्या जागी टोचून उठतात आणि त्याच वेळी डावे मनगट संथपणे घसरत असते, असा हा विरोध आहे. बोलांच्या भाषेने इथे मला हात दिला नाही. गे म्हटल्याने डग्गा वाजवायचा हे कळते, पण मनगटाचा दाब किती आणि किती लांबवर, याला अक्षर नाही. त्यामुळे मला पुन्हा दोन हातांना दोन आज्ञा द्याव्या लागतात, मन दोन्हीकडे धावते आणि पहिल्या वर्षासारखी खालीची भरी होऊ लागते. गेल्या आठवड्यात हे सरांना सांगितले, तेव्हा त्यांनी हात डग्ग्यावरून उचलले आणि तो चढणारा आवाज गळ्यातून काढून दाखवला, खालून वर जाणारा, शेवटी मिटणारा. "आधी हे म्हणा. म्हणता आलं की वाजवू," असे ते म्हणाले. गेले आठ दिवस मी रोज संध्याकाळी गॅलरीत उभा राहून तो हुंकार काढतो आहे आणि शेजारच्या गॅलरीतले गृहस्थ मी दिसलो की आत जातात.